दहा एकरांवर बारा जलदूत

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. गाडीचं नाव जलदूत, अंतर ३४२ किलोमीटर. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी, म्हणजे सगळं मिळून ५ लाख लिटर. पुढे वाघिणी पन्नास झाल्या आणि एका खेपेला २५ लाख लिटर येऊ लागलं. मराठवाड्यात ज्यानं तो उन्हाळा काढला, त्याला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. म्हणून या लेखात माप म्हणून तीच गाडी वापरली आहे.

विषय आहे विद्यापीठ आणि महाविद्यालयांच्या पर्यावरणाच्या जबाबदारीचा. तो बहुधा मोठ्या शहरांतल्या मोठ्या आवारांकडे बघून लिहिला जातो. मला तो सोनपेठहून बघायचा आहे. परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांपैकी हा एक तालुका. इथलं महाविद्यालय नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न. देशात २०२१-२२ च्या उच्च शिक्षण पाहणीनुसार १,१६८ विद्यापीठं आणि ४५,४७३ महाविद्यालयं होती, विद्यार्थी ४ कोटी ३३ लाख. महाराष्ट्रातली महाविद्यालयं ४,६९२. निम्म्याहून अधिक महाविद्यालयं ग्रामीण भागात आहेत. विद्यापीठाचं आवार किती हिरवं, यापेक्षा या हजारो छोट्या आवारांत काय चालतं, यावर खरा हिशेब ठरतो.

आता महाविद्यालयाची गरज मोजू. भारतीय मानकांनुसार दिवसा भरणाऱ्या शाळा-महाविद्यालयात माणशी रोज ४५ लिटर पाणी धरतात. त्यातले २५ लिटर संडासात ओतायला, उरलेले २० पिणं, हात धुणं, फरशी पुसणं यासाठी. वसतिगृह असेल तर आकडा थेट १३५ वर जातो. एक हजार विद्यार्थ्यांचं, वसतिगृह नसलेलं महाविद्यालय धरलं, तर रोजचे ४५ हजार लिटर. जलदूतची एक पूर्ण खेप अशा महाविद्यालयाला ५५ दिवस पुरली असती. अध्यापनाचे १८० दिवस धरले तर वर्षाची गरज ८१ लाख लिटर. तीन गाड्या आणि चौथीतल्या काही वाघिणी.

आणि आभाळातून किती येतं? परभणी जिल्ह्याची पावसाळी सरासरी साधारण साडेसातशे मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. दहा एकरांचं आवार असेल तर ते सुमारे ४० हजार ४७० चौरस मीटर. गुणाकार केला की ३ कोटी ३ लाख लिटर येतात. म्हणजे सरासरीच्या वर्षी दहा एकरांच्या आवारावर बारा जलदूत उतरतात, आणि त्यांतल्या साडेतीनसुद्धा न लागणारं महाविद्यालय एप्रिलमध्ये टँकर मागवतं.

हजार विद्यार्थी आणि दहा एकर हे मी हिशेबासाठी धरले आहेत. सोनपेठच्या कै. रमेश वरपूडकर महाविद्यालयात किंवा गंगाखेड, पाथरी, पालमच्या एखाद्या महाविद्यालयात बसून कुणी हे मांडायचं ठरवलं, तर त्यांनी आपली पटसंख्या आणि आपला सातबारा घालावा. रीत तीच राहील.

मग पाणी जातं कुठे? याचं उत्तर पायाखाली आहे. गोदाकाठच्या या पट्ट्यात वर काळी माती आणि खाली काळा पाषाण. काळी माती पहिल्या पावसाला भेगांमधून पाणी घेते, मग फुगते, भेगा मिटतात आणि वरचं पाणी वाहू लागतं. खालच्या खडकात पाणी मुरतं ते झिजलेल्या थरात आणि सांध्यांमध्ये. भूजल मोजण्याच्या रूढ पद्धतीत बेसाल्टच्या प्रदेशात पावसापैकी मुरणारा वाटा, खडक झिजलेला असेल तर ७ टक्क्यांच्या आसपास आणि सच्छिद्र, सांध्यांचा असेल तर १३ टक्क्यांच्या आसपास धरतात. अखंड पाषाणात तो नगण्य असतो. आपल्या दहा एकरांना हे लावलं तर आपोआप मुरणारं पाणी २१ लाख ते ३९ लाख लिटर. गरज ८१ लाखांची. म्हणजे काहीच केलं नाही, तर बोअर दरवर्षी जमिनीखालच्या शेजाऱ्याच्या वाट्याचं ४० ते ६० लाख लिटर ओढतो. शेजारी म्हणजे बहुधा आवाराच्या कुंपणाला लागून असलेला शेतकरी. त्याची विहीर फेब्रुवारीत का आटली, याचं उत्तर कधीकधी महाविद्यालयाच्या टाकीत असतं.

ही ४०-६० लाखांची तूट भरून काढणं, हे मला छोट्या महाविद्यालयाचं पहिलं पर्यावरणीय काम वाटतं.

गच्चीपासून सुरुवात करू. एक हजार चौरस मीटरची गच्ची, साडेसातशे मिलिमीटर पाऊस, आणि उडणं-सांडणं वजा जाता हाती ८० टक्के. ६ लाख लिटर. एकूण गरजेच्या सात टक्क्यांच्या आसपास. आकडा लहान दिसतो म्हणून पुष्कळ जण इथेच नाद सोडतात. पण हे पाणी स्वच्छतेला सर्वांत जवळचं आहे, आणि हजार जणांना माणशी ३ लिटर पिण्याचं पाणी १८० दिवस द्यायचं तर ५ लाख ४० हजार लिटर लागतं. गच्चीवरचा पाऊस म्हणजे जवळजवळ बरोबर वर्षभराचं पिण्याचं पाणी. पहिल्या दोन-तीन सरी सोडून द्यायच्या, गोटे-वाळू-कोळशाच्या गाळणीतून पाणी घ्यायचं आणि शक्य तितकं झाकलेल्या टाकीत साठवायचं. टाकी पुरेशी नसेल तर उरलेलं गाळून बोअरमध्ये सोडायचं. न गाळता मात्र कधीच सोडायचं नाही. गच्चीवरची कबुतरांची घाण थेट भूजलात गेली तर नुकसान सगळ्या वस्तीचं.

दुसरा मोठा घास संडासाचा. माणशी २५ लिटर म्हणजे वर्षाला ४५ लाख लिटर, एकूण गरजेच्या निम्म्याहून जास्त. हे पाणी पिण्याच्या दर्जाचं असायची काहीच गरज नाही. हात धुण्याचं पाणी शोषखड्ड्यात किंवा साध्या गाळणीतून पुन्हा संडासाच्या टाकीत घेता येतं. शोषखड्ड्यासाठी तर लांब जायला नको. आपल्याच विद्यापीठाच्या क्षेत्रात, नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे घेतले, गावातली गटारं बंद केली. साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा, मध्ये भोकं पाडलेली टाकी, भोवती दगडगोटे. गाव जे करून दाखवतं ते महाविद्यालयाला जमू नये, असं काही नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ४५ लिटरचा आकडा कागदावरचा आहे. तालुक्याच्या पुष्कळ महाविद्यालयांत प्रत्यक्ष वापर याहून खूप कमी भरेल, आणि ते बचतीमुळे नव्हे. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसतं, म्हणून खेड्यांतून येणाऱ्या मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. असा कमी वापर कुठल्याही पर्यावरण अहवालात जमेच्या बाजूला लिहिला गेला तर तो लबाडीचा जमाखर्च होईल. आधी ४५ लिटर द्या, मग त्यातलं किती पुन्हा वापरलं ते सांगा. हा क्रम उलटा करता येणार नाही.

राहिलं मोकळं आवार. शेततळ्याचं सर्वांना माहीत असलेलं माप ३० बाय ३० बाय ३ मीटर, साठवण २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. एका जलदूतला थोडं कमी. पण मराठवाड्याच्या उन्हात उघड्या पाण्याचा थर वर्षभरात दीड मीटरच्या घरात उडून जातो. ९०० चौरस मीटरच्या पृष्ठभागावर ते १३ लाख लिटरपर्यंत जातं. निम्म्याहून अधिक पाणी वाफ होणार असेल, तर इथे तळं साठवायला नाही, मुरवायला हवं. अस्तर न घालता, झिजलेल्या मुरमापर्यंत नेलेलं, उताराच्या खालच्या बाजूला, बोअर-विहिरीच्या वर. आणि उतारावर समतल चर. मुरणारा वाटा १३ टक्क्यांवरून २५-२७ वर गेला, तर दहा एकर आपली ८१ लाखांची गरज भागवू शकतात. हे प्रमाण अशक्य नाही, मात्र त्यासाठी आवारातली फरसबंदी आणि काँक्रीटचे रस्ते थांबवावे लागतील. सुशोभीकरणाच्या नावाखाली पेव्हर ब्लॉक बसवले की त्या जागेतलं मुरणं जवळजवळ बंद होतं.

हे कुणी केलं आहे का? केलं आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं आवार ८५३ एकरांचं. तळी, विहिरी, शेततळी यांत पाऊस अडवून त्यांनी आपली बरीचशी गरज आवारातच भागवली. कोल्हापूरचा पाऊस आपल्याहून जास्त, असं कुणी म्हणेल. मग जळगाव घ्या. १९९० साली स्थापन झालेल्या, आता कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव असलेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला गिरणेकाठचं सुमारे साडेसहाशे एकरांचं माळरान मिळालं होतं. तिथला पाऊस परभणीपेक्षा जास्त नाही. उतारावर पाणी अडवून त्यांनी तो माळ झाडीचा केला.

आता विजेकडे वळू. सोनपेठकराला पाणी आणि वीज वेगळी करून दाखवायची गरज नाही, कारण तालुक्यातच दोन्हींची गाठ बसलेली आहे. परळीहून येणारी वाण नदी सोनपेठजवळून पुढे जाऊन गोदावरीला मिळते. गोदावरीवर याच तालुक्यात खडक्याचा बंधारा आहे, आणि परळीच्या औष्णिक वीज केंद्राला या बंधाऱ्यातून पाणी जातं. पाणी संपलं की केंद्र थांबतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये ते थांबलं, जुलै २०१५ मध्ये पुन्हा थांबलं. देशात फार थोड्या गावांना बटण दाबताना दिवा कुणाच्या पाण्यावर पेटतो हे इतकं जवळून दिसत असेल.

कोळशाच्या केंद्रात पाणी किती लागतं, याची मर्यादा केंद्र सरकारनं डिसेंबर २०१५ मध्ये घालून दिली. जुन्या केंद्रांना एका मेगावॅट-तासाला जास्तीत जास्त साडेतीन घनमीटर. घरगुती भाषेत एका युनिटला साडेतीन लिटर. सोनपेठच्या वर्गात वाचलेलं युनिट परळीचंच असेल असं नाही, वीज सगळ्या राज्याच्या जाळ्यातून येते. पण कुठल्या तरी नदीचे साडेतीन लिटर त्यामागे असतातच.

एक किलोवॅट सौर पॅनेलला साधारण १० चौरस मीटर जागा लागते आणि आपल्याकडच्या उन्हात ते वर्षाला १,४०० युनिटांच्या आसपास देतं. आपल्या हजार चौरस मीटरच्या गच्चीतले २०० चौरस मीटर दिले की २० किलोवॅट, वर्षाला २८ हजार युनिट. वाचलेलं पाणी ९८ हजार लिटर. देशाच्या वीजजाळ्यात एका युनिटमागे कार्बन डायऑक्साइड साधारण ०.७ किलो धरतात, त्या हिशेबानं १९ ते २० टन. राज्यातल्या ४,६९२ महाविद्यालयांनी प्रत्येकी एवढंच केलं तर सुमारे ९४ मेगावॅट आणि वर्षाला १३ कोटी युनिट. परळीचा २५० मेगावॅटचा एक संच ७० टक्के क्षमतेनं महिनाभर चालला की एवढीच वीज होते. एका संचाचा एक महिना. आकडा क्रांतीचा नाही, पण वाचणारं पाणी ४५ कोटी लिटरच्या वर जातं, आणि ते कुठल्याशा बंधाऱ्यात राहतं.

पॅनेल बसवण्याआधी पंखे बदला, हे मात्र आवर्जून सांगायचं आहे. जुना पंखा ७५ वॅटचा, कमी विजेवर चालणारा बीएलडीसी पंखा तिशीच्या आसपास. शंभर पंखे, रोज ६ तास, १८० दिवस. बचत ४,८६० युनिटांची. एवढी वीज द्यायला साडेतीन किलोवॅट पॅनेल लागलं असतं. पंखे फोटोत चांगले दिसत नाहीत, म्हणून मूल्यांकनाच्या पाहणीला आलेल्या समितीला आधी गच्चीवर नेतात. शिवाय महाविद्यालयाचा एक वेगळा पेच आहे. ऊन सर्वांत जास्त एप्रिल-मे महिन्यांत, आणि तेव्हा वर्ग रिकामे. जास्तीची वीज जाळ्यात देऊन बिलातून वजा करून घेण्याची सोय, म्हणजे नेट मीटरिंग, नसेल तर ती वीज वाया जाते. पॅनेल बसवलं आणि मीटरचा अर्ज महिनोनमहिने पडून राहिला, तर त्या काळातली वीज हिशेबात धरायची नाही.

आता एक आकडा असा, जो काढताना मी स्वतः थबकलो. खेड्यातून १५ किलोमीटरवरून मोटारसायकलनं येणारा विद्यार्थी रोज ३० किलोमीटर जातो-येतो. लिटरला ५० किलोमीटर धरलं तर ०.६ लिटर पेट्रोल. एका लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. दिवसाला १.४ किलो, १८० दिवसांत २५० किलोंच्या आसपास. वाहनतळावर अशा शंभर मोटारसायकली असतील तर वर्षाला २५ टन. गच्चीवरच्या २० किलोवॅट पॅनेलनं वाचवलेले २० टन या शंभर गाड्या गिळून वर पाच टन मागतात.

याला दोष पोरांचा नाही. सोनपेठ रेल्वेमार्गावर नाही. एसटीचा विद्यार्थी पास तिकिटाच्या एक तृतीयांशात मिळतो, पण सकाळच्या तासाला पोहोचवणारी आणि शेवटच्या तासानंतर परत नेणारी गाडी गावाला असावी लागते. म्हणून माझ्या मते तालुक्याच्या महाविद्यालयाचं वेळापत्रक हा पर्यावरणाचा दस्तऐवज आहे. प्राचार्यांनी आगारप्रमुखांकडे जाऊन, किती विद्यार्थी कुठल्या गावचे याची यादी समोर ठेवून दोन फेऱ्यांच्या वेळा बदलून घेतल्या, आणि त्यातून पन्नास मोटारसायकली घरी राहिल्या, तर ते १२ किलोवॅट सौरऊर्जेच्या बरोबरीचं आहे. त्यासाठी निविदा लागत नाही. बापाचं पेट्रोलही वाचतं, आणि मोटारसायकल नसल्यामुळे बारावीनंतर घरी बसलेल्या मुली वर्गात येऊ शकतात.

मग हे सगळं सोडून महाविद्यालयं रोपं लावून फोटो का काढतात? गुणांकडे पाहिलं की कळतं. राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रमाणन परिषद, म्हणजे नॅक, १९९४ साली सुरू झाली. २०१७ मध्ये आलेल्या तिच्या पद्धतीत एकूण गुण १,००० होते. त्यातल्या सातव्या निकषाला १००. त्या शंभरांतले ३० उत्तम उपक्रमांना, २० संस्थेच्या वेगळेपणाला, आणि उरलेले ५० संस्थेची मूल्यं आणि सामाजिक जबाबदारी यांना. पाणी, वीज, कचरा, हरित आवार, हरित लेखापरीक्षण हे सगळं या ५० मध्ये, आणि त्याच ५० मध्ये लिंगसमभाव, दिव्यांगांच्या सोयी, आचारसंहिता, राष्ट्रीय दिवस. म्हणजे पर्यावरणाचा खरा वाटा पाच टक्क्यांच्याही आत. आणि या तपशिलांत विचारलं जायचं ते बहुतांश सोय आहे की नाही एवढंच. पर्जन्यजल संकलन आहे? आहे. किती लिटर, हा प्रश्न मागे पडायचा. पन्हाळीला जोडलेला पाइप मातीत शिरताना दिसला की खूण व्हायची.

जागतिक मापंही आपल्याला सरळ लागू पडत नाहीत. १९९० साली फ्रान्समधल्या तालवार इथे विद्यापीठप्रमुखांनी दहा कलमी जाहीरनामा केला, तिथून ही चळवळ धरतात. २०१० पासून इंडोनेशिया विद्यापीठ ग्रीनमेट्रिक नावाची क्रमवारी काढतं. तिचे १०० गुण बराच काळ असे वाटलेले होते: आवार १५, ऊर्जा व हवामान २१, कचरा १८, पाणी १०, वाहतूक १८, शिक्षण व संशोधन १८. पाण्याला सर्वांत कमी. जाकार्ताजवळ बसून पाहिलं तर ते समजू शकतं, तिथे पाऊस मुबलक. गोदावरीच्या कोरड्या पात्राकडे पाहून कुणी हे गुण वाटले असते तर पाण्याला १० दिले नसते.

झाडांचंही तसंच. राज्य सरकारनं २०१६ साली २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. महाविद्यालयांनी त्यात मन लावून भाग घेतला, खड्डे खणले. पण रोप जुलैत लावतात आणि मरतं ते मे महिन्यात, जेव्हा महाविद्यालयाला सुट्टी असते. पाचशे रोपांना आठवड्याला प्रत्येकी १५ लिटर, फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंत १६ आठवडे, एकूण लागतात १ लाख २० हजार लिटर. पाणी थोडंच लागतं. लागतो तो सुट्टीत पाणी घालणारा माणूस, आणि त्याची मजुरी अंदाजपत्रकात नसते. परभणी आणि लातूर हे राज्यात वनक्षेत्र सर्वांत कमी असलेल्या जिल्ह्यांपैकी. इथे लावलेल्या रोपांची संख्या सांगूच नये. तिसऱ्या वर्षी उभी असलेली झाडं मोजावीत. आणि कडुलिंब, करंज, बाभूळ, पळस, आपटा, वड यांपैकी किती, तेही लिहावं.

मोजायचं कुणी? इथे मला खरी आशा दिसते, कारण माणसं आणि तास आधीच हाताशी आहेत. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये आणि मग डिसेंबर २००३ मध्ये आदेश दिले, आणि पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगानं सहा महिन्यांचा पाठ्यक्रम आखला: आठ घटक, ५० तासिका. आठवा घटक प्रत्यक्ष भेटीचा, त्याला ५ तासिका. गुणांची वाटणी ७५ लेखी आणि २५ क्षेत्रकार्य. २०२३ मध्ये आयोगानं नवी चौकट दिली, तीत पदवीला पर्यावरण शिक्षणाचे ४ श्रेयांक ठेवले. क्षेत्रकार्याच्या या गुणांचं प्रत्यक्षात काय होतं, हे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो, मुखपृष्ठावरचं नाव तेवढं बदलायचं. 'जलप्रदूषण: कारणे व उपाय' हा प्रकल्प वाणेच्या काठावर राहणारा मुलगा वाणेकडे न बघता सादर करतो. मुलं आळशी आहेत असं मला वाटत नाही. त्यांना कुणी मोजायला सांगितलेलं नाही, एवढंच.

हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात एका वर्षाच्या वर्गात तीनशे-साडेतीनशे जण. प्रत्येकाचे क्षेत्रकार्याचे पाच तास धरले तरी दीड हजारांहून जास्त तास. त्यात राष्ट्रीय सेवा योजना घाला: प्रत्येक स्वयंसेवकाचे वर्षाला १२० तास, शंभरांचं एकक असेल तर १२ हजार तास, शिवाय दत्तक गावातलं सात दिवसांचं शिबिर. एवढ्या तासांत पाण्याच्या टाकीवरचं मीटर रोज वाचता येतं. बोअरची पातळी दर पंधरवड्याला दोरी सोडून घेता येते. गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून प्रत्येक सरीची नोंद होते. वीजबिलाची बारा पानं एका तक्त्यात येतात. वाहनतळावर गाड्या मोजून गावनिहाय यादी होते. दत्तक गावातल्या दहा विहिरींची पातळी दिवाळीत आणि होळीत घेतली, तर तीन वर्षांत त्या गावाकडे स्वतःची नोंदवही तयार होते. हे सगळं बी. ए. च्या विद्यार्थ्याला येण्यासारखं आहे.

आणि विद्यापीठानं काय करावं? स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिसंग्राम दिनी, स्थापन झालं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे त्याच्याकडे. विष्णुपुरीचं आवार पाचशे एकरांहून मोठं. आपल्याच रीतीनं मोजलं तर तिथे वर्षाला दीडशे कोटी लिटरहून जास्त पाऊस पडतो. शेजारी विष्णुपुरीचा जलाशय आहे, आणि त्यात येणारी गोदावरी आधी सोनपेठ तालुक्यातून वाहून आलेली असते. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. माती, चर, तळं, झिरपा यांची जाणकार माणसं तिथे आहेत. एक विद्यापीठ मोजायला लावू शकतं, दुसरं कुठे खणायचं ते सांगू शकतं.

नांदेडच्या विद्यापीठाला यासाठी नवी योजना, नवा कक्ष, नवं प्रमाणपत्र काही नको. दरवर्षी संलग्नतेच्या अर्जात महाविद्यालयांकडून माहिती घेतली जाते. त्यात चार रकाने वाढवावेत: विद्यार्थ्यामागे रोज किती लिटर पाणी, विद्यार्थ्यामागे वर्षाला किती युनिट वीज, मार्चअखेर बोअरची पातळी किती फुटांवर, आणि तीन वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी किती झाडं उभी. आलेले आकडे जिल्हावार सगळ्यांना दिसतील असे जाहीर करावेत. परभणी जिल्ह्यातल्या दोन सारख्या आकाराच्या महाविद्यालयांपैकी एकाची पातळी ८० फुटांवर आणि दुसऱ्याची ३०० फुटांवर दिसली, की प्रश्न कुणी विचारायला सांगावे लागणार नाहीत. पालक विचारतील. शेजारचे शेतकरी विचारतील.

सोनपेठच्या आणि आसपासच्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांना, विद्यार्थ्यांना एवढीच विनंती आहे. ७ जूनच्या सुमारास मृग लागतं. त्याआधी गच्ची झाडून घ्या, पन्हाळीतला पाला काढा, गाळणीतली वाळू धुऊन पुन्हा भरा, बोअरमध्ये दोरी सोडून पातळी घ्या. दोनशे पानी वही आणा, पहिल्या पानावर तारीख आणि मीटरचा आकडा लिहा, आणि खाली ज्यानं वाचन घेतलं त्याची सही.